उंच माणसाची जागा

"मी खाली बघून बोलतो, कारण तुम्ही सगळे खाली आहात," असं तो एकदा म्हणाला. म्हणाला कुणाला, तर बस डेपोच्या मॅनेजरला, आणि तेही रजेच्या अर्जावर सही घ्यायला गेलेला असताना. मॅनेजरने सही केली, पण पेन असं दाबलं की कागदाला भोक पडलं. ही गोष्ट पुढे डेपोत पुष्कळ वेळा सांगितली गेली. ऐकणारे हसायचे. त्या हसण्यात माया नव्हती, आणि ती असावी अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

डेपोत त्याला खांब म्हणत. तो टायरखान्यात होता. बसचे उतरवलेले टायर त्याच्यासमोर आडवे पडलेले असत आणि तो स्टुलावर बसून त्यांच्या आत हात घालून खिळा कुठे रुतलाय ते चाचपत असे. बाकीचे मेकॅनिक बसखालच्या खड्ड्यात उभे राहून मान वर करून काम करत. त्यांच्या तोंडावर दिवसभर काळं तेल ठिबकायचं. खांबाच्या तोंडावर काहीच ठिबकत नव्हतं. डेपोच्या बास्केटबॉल संघात जो सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच गडी, म्हणून खेळेल त्याला टायरखाना, असा अलिखित नियम होता. स्टूल एक आणि सेंटर एक. ड्यूटी लागायची तेव्हा सगळे त्या स्टुलाकडे बघायचे आणि खांब सगळ्यांकडे बघायचा.

त्याचा बाप उंच होता आणि घरात नव्हता, एवढंच बापाबद्दल त्याला माहीत होतं. आई शिवणकाम करायची. पोराच्या विजारी शिवताना खाली जादा कापड दुमडून ठेवायची. पोरगं वाढलं की एक दुमड उसवायची आणि उसवताना त्या बापाला एक शिवी हासडायची. शिव्या ऐकत ऐकत पोरगं वाढत गेलं. शाळेत त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, कारण पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसेना. मागे बसून त्याला काही ऐकू येईना. पास झाला नाही तेव्हा बाई म्हणाल्या, एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत? तेव्हापासून मोठं असणं ही आपल्यावर कुणीतरी लादलेली चूक आहे आणि तिचं भाडं लोकांकडून वसूल करायचं, असं काहीतरी त्याच्या मनात बसलं असावं.

त्याला खेळात आणलं मास्तरने. मास्तर दिवसा डेपोत बसच्या वेळा लावायचा आणि संध्याकाळी संघाला शिकवायचा. एकदा बसथांब्यावर छपराला डोकं टेकून उभा असलेला हा तरुण त्याला दिसला.

"बास्केटबॉल खेळतोस का रे?"

"नाही."

"शिकशील?"

"नोकरी देणार?"

मास्तर अजून सांगतो की, त्या पोराने बॉलचा आकार काय, हेसुद्धा विचारलं नाही. खांबाला खेळ कधी आवडला नाही. त्याला आवडली ती रिंगखालची जागा. बाकीचे घामाघूम होऊन इकडून तिकडे पळतात, आणि शेवटी सगळ्यांना तिथेच यावं लागतं, त्याच्यापाशी. त्यांना तिथून परत पाठवायचं, कोपराने, खांद्याने, जमलं तर नुसत्या नजरेने. एवढं एकच काम त्याने आयुष्यात मनापासून केलं.

लग्न उशिरा झालं. बायको इस्पितळाच्या लाँड्रीत होती. वाफेने तिचे हात कायम सुजलेले असत. तिचा धाकटा भाऊ डेपोत तिकीटखिडकीवर लागला आणि संघातही आला. लहान चणीचा, चपळ, हाताचा गोड. त्याच्या हातातून बॉल सुटला की बघणाऱ्याला उगाचच बरं वाटायचं. तो बहिणीकडेच जेवायचा. म्हणजे खांबाला मेव्हणा शेडमध्ये दिसे आणि ताटासमोरही दिसे.

शेड म्हणजे सरावाचा हॉल. पूर्वी तिथे बस धूत असत. खाली सिमेंट, दोन्ही भिंतींत लोखंडी दांड्या पक्क्या बसवलेल्या आणि त्यांवर बोर्ड आणि रिंग. लीगचे सामने शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये व्हायचे; शेडमध्ये नुसता सराव. सिमेंटवर उड्या मारून खांबाचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, फरशी बदला नाहीतर माणूस बदला. खांबाने मॅनेजरच्या दारात इतके दिवस उभं राहून त्याचा उजेड अडवला की, शेवटी सीझन संपल्यावर मोडीत काढलेल्या बसच्या फळ्या काढून, खाली लाकडी पट्ट्या टाकून, अख्ख्या शेडमध्ये लाकडाची जमीन घातली गेली.

जमीन चार बोटं, म्हणजे मूठभर वर आली. रिंग भिंतीत होती. ती होती तिथेच राहिली.

हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सीझनच्या सुट्टीनंतर मंडळी परत आली, नव्या लाकडावर नाचली, आणि प्रत्येकाला वाटलं की, आपली उडी वाढली. लाकूड म्हणजे लाकूड, मास्तर म्हणाला, सिमेंट माणसाला खाली ओढतं आणि लाकूड वर फेकतं. संघातल्या वेल्डरने जन्मात पहिल्यांदा रिंगला बोट लावलं आणि घरी फोन करून सांगितलं. मास्तरने स्वतः उडी मारून जाळी ओढली आणि तरण्या पोरासारखा हसला. सगळे खूश होते. खूश असलेली माणसं मोजमाप करत नाहीत.

खांब मात्र पहिल्याच दिवशी रिंगखाली उभा राहिला, टाचा न उचलता हात वर केला, आणि जाळीचं टोक जिथे रोज त्याच्या मधल्या बोटाला लागायचं तिथे ती मऊपणे त्याच्या तळहातात आली. त्याने हात खाली घेतला. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

रोज उद्या म्हणता म्हणता सरावाचे आठवडे गेले आणि सीझनचा पहिला सामना आला. मोठ्या हॉलमध्ये डेपोचा एकेक शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून खाली पडू लागला. सगळ्यांचे हात खालच्या रिंगला सरावलेले. खांब तेवढा जाणून होता. तो मूठभर वर टाकत होता आणि त्याचे रिंगमधून पडत होते. शिवाय बाकीच्यांचे हुकलेले बॉल पडायचे कुठे, तर पुढ्यात, त्याच्याच हातात. तो ते उचलून परत टाकायचा. सामना हरले, पण मास्तरने त्याला मिठी मारली आणि त्याच्या छातीपाशी तोंड नेऊन म्हणाला, तू नसतास तर आमची अब्रू गेली असती.

त्यानंतर त्याने सांगितलं नाही. काही गोष्टी पहिल्या दिवशी सांगितल्या तर ती माहिती असते; दुसऱ्या दिवसापासून ती कबुली होते. सुट्टीच्या दिवशी तो पाण्याच्या टाकीजवळच्या सार्वजनिक कोर्टवर जाऊन खऱ्या उंचीच्या रिंगवर एकटाच बॉल टाकत बसायचा. घरी सांगायचा, गुडघा मोकळा करायला जातो. वर्षं गेली. संघ मोठ्या हॉलमध्ये हरत राहिला आणि खांब संघाचा आधार होत गेला. मास्तर म्हणायचा, पोरांच्या मनात धास्ती आहे. वेल्डर म्हणायचा, तिथले दिवे डोळ्यांवर येतात. कारणं पुष्कळ होती. गुडघा दरवर्षी थोडा आणखी जात होता, पण हुकलेल्या बॉलच्या जिवावर जगणाऱ्याला फार उडी लागत नाही.

मेव्हण्याचं काय झालं, तर एका मोठ्या सामन्यात अगदी शेवटी त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. एक पडला असता तर बरोबरी, दोन्ही पडले असते तर संघ वरच्या गटात. दोन्ही रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली आले. परतताना बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. मागच्या सीटवरून खांब म्हणाला, "आखूड." एवढंच. बसभर हशा पिकला, कारण सगळ्यांना कशावर तरी हसायचंच होतं. त्या दिवसापासून तो पोरगा आखूड झाला. तिकीटखिडकीवर लोक वाकून म्हणायचे, आखूडभाऊ, एक तिकीट. बायकोने नवऱ्याला सांगितलं, निदान घरात तरी त्याला तसं म्हणू नका. त्यावर तो म्हणाला, मग घरात काय म्हणू, लांबलचक?

यंदा सीझनच्या तोंडावर बंदराचा संघ मोडला. त्यांचा सेंटर, सगळ्या लीगमध्ये रुंदीसाठी आणि तोंडासाठी प्रसिद्ध असलेला माणूस, मोकळा झाला. मास्तरने संघाला टायरखान्यात जमवलं. खांब स्टुलावर, बाकीचे टायरांवर.

"बंदरवाला मोकळा आहे," मास्तर म्हणाला. "नावं नोंदवायची मुदत संपत आलीय. घ्यायचा का नाही, ते बोला."

"तो मागे धावत येत नाही," वेल्डर म्हणाला. "बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, बस चुकल्यासारखा."

"धावायला आपण आहोत ना," आखूड म्हणाला. "आपल्याला भिंत पाहिजे. त्याने माणूस अडवून धरला की मला शॉट मोकळा मिळतो."

"तुला मोकळा शॉट मिळाला की काय होतं, ते बघितलंय सगळ्यांनी," खांब म्हणाला.

कुणीतरी खाकरलं. आखूडने टायरच्या नक्षीतला एक खडा नखाने उकरून काढला.

"म्हणूनच म्हणतोय, भाऊजी. माझा पडला नाही तर उचलायला दोन उंच माणसं असतील."

"एक पुरतो."

"एक पुरतो. त्या एकाचा गुडघा पुरत नाही."

"सगळ्या संघांशी भांडून झालंय त्याचं," वेल्डर मध्ये पडला. "आता आपणच राहिलोय."

"भांडू दे की. आपल्याकडे भांडणाची सवय आहे सगळ्यांना," आखूड म्हणाला, कुणाकडे न बघता.

मास्तरने घसा साफ केला. "दोघांना मिळून खेळवता येईल. सुरुवात तो करेल, मग खांब. रिबाउंडचा, हुकलेल्या बॉलचा, प्रश्न मिटतो. फक्त..." तो थांबला आणि टायरकडे बघून बोलला, "मॅनेजर म्हणतात, तो आला तर टायरखाना त्याला द्यावा लागेल. त्याची पाठ गेलीय म्हणतात."

"आणि मी?"

"तू खड्ड्यात. काही दिवस. पुढे बघू."

"म्हणजे त्याला घ्यायचं का, हे विचारत नाही आहात तुम्ही. मला कुठे टाकायचं, हे विचारताय."

"दोन्ही एक नाही रे."

"मला एकच आहे," खांब म्हणाला. "माझं नाही आहे. लिहून घ्या. मी म्हणतो, नाही."

'नाही' म्हणणं ही डेपोच्या संघात साधी गोष्ट नव्हती. फार पूर्वीच्या कुण्या कॅप्टनने घालून दिलेली रीत होती की, नव्या माणसाला जो नको म्हणेल त्याने खुर्चीवर बसून नको म्हणायचं नाही. शर्ट काढून रिंगखाली उभं राहायचं आणि त्याला अडवायचं. नव्याला दहा बॉल मिळणार. निम्म्याहून जास्त रिंगमध्ये टाकले तर तो आत, आणि नको म्हणणाऱ्याने तोंड मिटायचं. नाही टाकले तर त्याने आल्या वाटेने जायचं. या रीतीपायी वर्षानुवर्षं कुणी कुणाला नको म्हटलं नव्हतं.

"त्या गुडघ्यावर?" मास्तर म्हणाला.

"गुडघा माझा आहे," खांब म्हणाला.

ही धाडसाची गोष्ट नव्हती. त्याने हिशेब केला होता. बंदरवाला आयुष्यभर खऱ्या रिंगवर खेळलेला. शेडमध्ये त्याचे बॉल मूठभर लांब जाणार, हे त्याला माहीत होतं. फक्त दहा बॉल. दहा बॉलांत माणसाला काय कळणार? आत आला तर मात्र रोज उभा राहील रिंगखाली, आणि एक दिवस सहज हात वर करेल.

घरी खांब आणि आखूड जेवायला बसले. बायको लाँड्रीतून नुकतीच आली होती. सुजल्या हातांनी वाढत होती.

"काय झालंय? दोघांची तोंडं अशी का?"

"तुझ्या भावाला मला खड्ड्यात घालायचंय."

"मी कुणाला घालत नाही. ताई, यांना विचार, यांनीच नको म्हटलं. आता उभं राहायचंय त्या रेड्यासमोर."

"अहो, या गुडघ्यावर?"

"सगळ्यांना माझ्या गुडघ्याची फार काळजी," खांब म्हणाला. "भात वाढ."

तिने भात वाढला. मग खाली बसून म्हणाली, "सोडून द्या ना खेळ. झालं तेवढं पुष्कळ झालं. खड्ड्यात जायची पाळी आली तर मी बोलते मॅनेजरशी. पाया पडते वाटल्यास."

"तू कुणाच्या पाया पडायचं नाही. वाकणारं माणूस घरात एक आहे, तेवढं बास."

आखूडने घास खाली ठेवला. तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळूच बोलला. "मीच सोडतोय, ताई. हा सीझन शेवटचा. शेडमध्ये सगळे पडतात आणि तिथे गेलं की हात फिरतो. मला कळतच नाही काय होतं ते."

"त्याने डॉक्टरला दाखवला हात," बायको नवऱ्याला म्हणाली. "दोन ठिकाणी दाखवला. म्हणतात, हाताला काही नाही, डोक्यात आहे. आता डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणतोय."

खांब जेवत राहिला. भात गार होता आणि तो फार वेळ चावत होता. बोलायचं असतं तर जागा होती, वेळ होती, तिघंच होते. त्याने पाण्याचा ग्लास घेतला आणि पूर्ण संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"एक सांगा, भाऊजी," आखूड म्हणाला. "तो तुमच्यापेक्षा चांगला आहे म्हणून नको आहे, का वाईट आहे म्हणून?"

"उंच आहे म्हणून नको," खांब म्हणाला.

आखूड हसला. त्याला वाटलं, हा नेहमीचाच उर्मटपणा. त्या दिवसभरात खांबाच्या तोंडून निघालेलं खरं वाक्य तेवढंच होतं.

बंदरवाला दुपारी आला, सकाळपाळी सुटल्यावर. अंगात बंदराचाच जुना शर्ट होता. पाठीवरचं नाव उसवून काढलेलं, पण दोरे तसेच लोंबत होते. दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागलं. त्याने शेडभर नजर फिरवली आणि नाक वर केलं.

"वास कसला?"

"बसचा," वेल्डर म्हणाला.

"मला वाटलं माणसांचा. बरं, मला नको म्हणणारा कोण?"

खांब शर्ट काढून रिंगखाली गेला. दोघं समोरासमोर उभे राहिले. दोन कपाटं तोंडाला तोंड लावून ठेवावीत तसे, एकही दार उघडेना.

"तू का?" बंदरवाला म्हणाला. "तुझा गुडघा मला बंदरातून ऐकू येतो."

"बॉल टाक," खांब म्हणाला.

आखूडने बॉल दिला. बंदरवाल्याने पाठ लावली, खांबाला ढकलत आत नेलं आणि वळून एका हाताने डोक्यावरून हूक टाकला. सुंदर हूक. बॉल रिंगच्या मागच्या कडेला आपटून उंच उडाला आणि भिंतीवर जाऊन लागला. खांबाला उडीसुद्धा मारावी लागली नाही.

दुसरा तसाच. तिसरा बोर्डवर आपटून सरळ त्याच्याच तोंडावर परत आला. चौथ्या वेळी त्याने खांबाला असा खांदा मारला की, तो दोन पावलं मागे गेला, रिंग अगदी मोकळी झाली, आणि तरीही बॉल पलीकडे गेला.

"बंदरात रिंग मोठी असते का रे?" वेल्डरने विचारलं. सगळे हसले. मास्तर हसला नाही; त्याच्या डोळ्यांदेखत एक सीझन जात होता. आखूड बॉल घेऊन उभा होता आणि त्याच्या कपाळावर एक बारीक आठी होती. दिसत होतं ते त्याला पटत नव्हतं.

पाचवा बॉल बंदरवाल्याने घेतला, पण टाकला नाही. तो बॉल काखेत मारून रिंगखाली आला. खांब वाटेतून हलेना तेव्हा त्याने त्याला हाताने बाजूला केलं, माणूस दार लोटतो तसं. टाचा जमिनीवर ठेवून त्याने हात सरळ वर नेला. जाळी त्याच्या मुठीत आली. त्याने ती मूठ उघडली, मिटली.

"ही रिंग खाली आहे," तो म्हणाला.

आधी हशा झाला. मग तो जरा वेगळा झाला, मग थांबला.

"चार हुकले म्हणून रिंग खाली?" वेल्डर म्हणाला.

"हुकले तर मी सांगतो, हुकले. कुठल्याही हॉलमध्ये जाळी माझ्या बोटाला लागते, इथे मुठीत येतेय. मूठभर खाली आहे. याच्यावर शिकलेला माणूस बाहेर जाऊन काय टाकणार? सगळे पुढेच पडणार त्याचे."

"जाळी नवी आहे," मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "लांब आहे जाळी. मी या शेडमध्ये केस पांढरे केलेत. कुणीतरी रस्त्यावरून उठून यायचं आणि आमच्या रिंगला नावं ठेवायची, हे चालणार नाही."

"मग टेप लाव ना, म्हाताऱ्या."

"म्हातारा कुणाला म्हणतोस?" वेल्डर पुढे झाला. दोघंतिघं त्याच्या मागे सरकले. आपल्या हरण्याला कुणी असं सोपं कारण दिलेलं त्यांना सहन होत नव्हतं; बंदरवाल्याला मारून ते खोटं ठरणार असेल तर त्यांची तयारी होती. बंदरवाला तसाच उभा राहिला. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो खांबाकडे बघत होता.

"तुझा हात माझ्यापेक्षा आखूड नाही," तो म्हणाला. "तुला कळलं नाही कधी?"

"माझ्या पेटीत आहे टेप," वेल्डर म्हणाला. "आणतो. एकदा होऊनच जाऊ दे."

"थांब," आखूड म्हणाला.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो चालत फ्री थ्रोच्या रेघेपाशी आला आणि तिथे उभा राहून त्याने वर रिंगकडे पाहिलं, बराच वेळ. मग खांबाकडे.

"टेप नको," तो म्हणाला. "टेप कशाला? भाऊजी आहेत ना. इतकी वर्षं या रिंगखाली उभे आहेत ते. त्यांना माहीत असणार." त्याचा आवाज घसरला, त्याने तो परत धरला. "भाऊजी, तुम्ही सांगा. बरोबर आहे म्हणा, की मी याची पिशवी उचलून गेटबाहेर ठेवतो. पुन्हा याचं नाव काढणार नाही. सीझनभर तुमच्या बाजूला बसेन. तुम्ही म्हणाल ते."

"सांग रे खांबा," मास्तर म्हणाला. "सांगून टाक आणि मोकळं कर."

शब्द एकच लागत होता, आणि तो काही अवघड नव्हता. तो म्हटला की बंदरवाला जाणार, स्टूल राहणार, गुडघा अजून काही सीझन ढकलता येणार. खांबाने तोंड उघडलं. मेव्हणा खालून त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर खांबाने तो शब्द टाकला असता. रागाशी कसं वागायचं हे त्याला येत होतं. पण तो पोरगा विनवत होता. त्याला खरंच हवं होतं की, भाऊजींनी 'बरोबर आहे' म्हणावं, म्हणजे दोष त्याच्याच डोक्यात राहील आणि घरात बसून जेवता येईल.

खांबाने तोंड मिटलं.

बंदरवाल्याच्या काखेतला बॉल निसटून खाली पडला, दोनदा उसळला आणि कुणाच्या तरी पायाशी जाऊन थांबला. खांब वाकला, काढून ठेवलेला शर्ट घेतला, पण अंगात घातला नाही. तो मास्तरजवळून गेला. वेल्डरने वाट दिली. आखूड रेघेवरून बाजूला झाला नाही, तेव्हा खांब त्याला वळसा घालून पुढे गेला, आणि शर्ट हातात धरून शेडच्या दारातून बाहेर पडला.